सिंगापूरला अभ्याससहल न्यायचीय? मग पहिला दिवस असा फिरवा (मराठवाड्यातल्या कॉलेजांसाठी)

लातूर, नांदेड, परभणी, संभाजीनगर, आपल्याकडून आता कॉलेजच्या अभ्याससहली परदेशात जायला लागल्यात आणि त्यात सिंगापूरचं नाव हमखास येतं. मुंबईवरून साडेपाच तासांच्या आसपास फ्लाईट, शाकाहारी जेवणाची चिंता नाही, पोरींना घेऊन रात्री दहा वाजता मेट्रोनं फिरलं तरी जीवाला घोर नाही. मी अशा ग्रुपांसोबत जातो, बहुतेक सिव्हिलची आणि भूगोलाची पोरं असतात. पहिल्या दिवसाबद्दल माझं एक पक्कं मत झालंय ते आधी सांगतो. पहिल्या दिवशी बसमध्ये बसवून पाच-सहा पॉईंट दाखवायचे नाहीत. पोरं रात्रभर जागलेली असतात, बसचा एसी लागला की झोपतात, उतरतात, फोटो काढतात आणि परत झोपतात, संध्याकाळी विचारलं तर कुठं काय पाहिलं ते सांगता येत नाही. त्यापेक्षा थोडं पाहायचं, पायी आणि मेट्रोनं पाहायचं आणि सगळं एका धाग्यात ओवायचं.

तो धागा आपल्यासाठी पाणी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आज कॉलेजात असलेली पोरं तेव्हा लहान होती पण घागरी घेऊन टँकरमागं पळाल्याचं त्यांना आठवतं. आणि हा देश बघा, क्षेत्रफळ लातूर जिल्ह्याच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढं, लोकसंख्या साठ लाखांच्या घरात, मोठी नदी नाही, पाणी साठवायला जागा नाही. पाऊस मात्र वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर, आपल्याकडं सातशेच्या आसपास. म्हणजे त्यांना पाऊस आहे पण जागा नाही, आपल्याला जागा आहे पण पाऊस बेभरवशाचा. हे पोरांना निघायच्या आधी वर्गात सांगून ठेवा, मग तिथं गेल्यावर प्रत्येक नाली, पूल, नदी त्यांना दिसायला लागते.

निघायच्या आधीची कामं

पासपोर्टची मुदत परतीच्या नाही तर तिथं पोचायच्या तारखेपासून किमान सहा महिने पुढं पाहिजे. भारतीयांना व्हिसा लागतो आणि तो अधिकृत एजंटमार्फत काढतात, तर त्याला वेळ ठेवा, एखाद्याच्या फोटोवरून किंवा नावाच्या स्पेलिंगवरून अडकलं तर अख्खा ग्रुप टांगणीला लागतो.

व्हिसा झाला म्हणजे संपलं असं नाही. एसजी अरायव्हल कार्ड म्हणून ऑनलाईन फॉर्म असतो तो प्रत्येकाचा भरावा लागतो, पोचायच्या दिवसासकट शेवटच्या तीन दिवसांतच भरता येतो आणि तो पूर्ण फुकट आहे. नेटवर पैसे मागणाऱ्या साईट दिसतात, त्यांच्या नादी लागू नका, सरकारी इमिग्रेशनच्या साईटवरच भरा. निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांना एका खोलीत बसवून एकदाच भरून घ्या, "सर मी घरून भरतो" म्हणणाऱ्याला सुद्धा बसवा.

आता बॅगेबद्दल, आणि हे मी मनापासून सांगतो कारण आपल्या भागात याची लई गरज आहे. तंबाखू, गुटखा, जर्दा, मशेरी यातलं काहीही न्यायचं नाही. चघळायच्या तंबाखूवर तिथं बंदी आहे, ई-सिगारेटवर बंदी आहे, आणि सिगारेटचं एक पाकीट नेलं तरी ड्युटी भरावी लागते, सूट अजिबात नाही. सोबतच्या शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांनाही हे आधीच, एकट्यात, स्पष्ट सांगा. च्युइंगगम नको. आणि एक गोष्ट घरच्यांच्या ध्यानात येत नाही ती म्हणजे खसखस. तिच्यात अफूचा अंश असू शकतो म्हणून तिथं ती अंमली पदार्थांच्या कायद्यात अडकते. आई मोठ्या मायेनं डब्यात अनारसे भरते आणि त्याला वरून खसखस लावलेली असते, ते घरीच ठेवायचे. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, चिवडा खुशाल न्या, पहिल्या सकाळी तेच कामाला येतं. मांसाहारी काही नको. झोपेच्या गोळ्या किंवा कोडीनवालं खोकल्याचं औषध कुणाला चालू असेल तर त्यासाठी आधी परवानगी लागू शकते, म्हणून औषधांची यादी पालकांकडून लेखी मागून घ्या.

चार्जरसाठी तीन चौकोनी पिनांचा प्लग लागतो, दोघांत एक अॅडॉप्टर पुरतो. दोन हजारांचे नवे बूट नकोत, पायाला सवय झालेली जुनी चप्पल-बूटच बरे, पहिल्याच दिवशी सहज आठ-दहा किलोमीटर चालणं होतं.

इकडून मुंबई गाठायला सकाळची वंदे भारत घ्या नाहीतर समृद्धीवरून गाडी करा, पण दुपारपर्यंत मुंबईत पोचलंच पाहिजे. रात्रीची फ्लाईट असेल तर चेक-इनला तीन-चार तास आधी उभं राहावं लागतं आणि तीस जणांच्या बॅगा वजनाला लागल्या की वेळ जातो.

पोचल्यावर

चांगी एअरपोर्टवर उतरला की घड्याळ अडीच तास पुढं करायचं. तिथं सकाळचे सात वाजले असले तरी पोरांच्या अंगात साडेचारच वाजलेले असतात, हे लक्षात ठेवूनच पुढचा सगळा दिवस लावायचा. एअरपोर्टला लागून ज्वेल नावाची इमारत आहे, तिच्यात चाळीस मीटर उंचीवरून पडणारा धबधबा आहे, पोरांनी रील पाहिलेलं असतं आणि सगळे तिकडं ओढ घेतात. तो भल्या सकाळी चालू नसतो, परतीच्या दिवशी दाखवा.

बॅगा घेऊन तीस जण मेट्रोत घुसवू नका, त्या वेळेला ऑफिसची गर्दी असते. एअरपोर्ट ते हॉटेल एवढ्यासाठीच बस ठरवा. हॉटेल शक्यतो लिटल इंडियात घ्या. खोल्या दुपारी मिळतात पण बॅगा सकाळी ठेवून घेतात, तर तोंड धुवा, कपडे बदला आणि सेरंगून रोडवर नाष्ट्याला चला. इडली, डोसा, पोंगल, कॉफी, सगळं मिळतं. कोमला विलास हे १९४७ पासूनचं हॉटेल याच रस्त्यावर आहे. थोडं पुढं टेक्का सेंटर, खाली भाजीबाजार, खाण्याचे स्टॉल आणि वर कपड्यांची दुकानं. भाजीबाजारातून पोरांना दहा मिनिटं फिरवाच, कढीपत्ता, शेवगा, कारली ओळखीचं सगळं दिसतं आणि हे सगळं बाहेरून आलेलं आहे हे कळतं, कारण या देशात लागणाऱ्या अन्नापैकी नव्वद टक्क्यांच्या वर आयात होतं. शेतकऱ्याच्या पोरांना ही गोष्ट लई लागते, प्रश्न सुरू होतात.

हॉटेलात नळाचं पाणी थेट पिता येतं, बाटल्या विकत घ्यायला लावू नका. प्रत्येकाची एक बाटली, तीच दिवसभर भरायची.

मेट्रोत चढायच्या आधी अर्धा तास द्या

ग्रुप चालवायचं खरं काम इथं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी जोड्या लावा. प्रत्येक पोराला एक नंबर आणि एक जोडीदार. मोजायचं ते डोकी बघून नाही, नंबर ओरडून. "एक, दोन, तीन" अशी हाळी दिली की तीस जण वीस सेकंदांत मोजून होतात आणि मधला कोण गप्प राहिला ते लगेच कळतं. पुढं एक सर, शेवटी एक मॅडम, आणि शेवटच्या माणसाच्या मागं कुणी राहायचं नाही. हा शेवटचा माणूस सगळ्यात शांत डोक्याचा निवडा, दुकानं बघत रेंगाळणाऱ्यांना तोच पुढं ढकलतो.

मेट्रोचं दार बंद झालं आणि निम्मे आत, निम्मे बाहेर राहिले तर काय करायचं हे आधीच घोकून घ्या. आत असलेल्यांनी पुढच्या स्टेशनवर उतरायचं आणि तिथंच फलाटावर थांबायचं. बाहेर राहिलेल्यांनी पुढची गाडी पकडून पुढच्या स्टेशनला उतरायचं. कुणीही उलटं परत यायचं नाही. एवढा एक नियम पाळला तर ग्रुप फार तर पाच मिनिटं तुटतो.

तिकिटाचं म्हणाल तर एका कार्डवर एकच माणूस, एकाच्या कार्डवर दोघं जात नाहीत. व्हिसा-मास्टरकार्डचं बँक कार्ड दारावर टेकवलं तरी चालतं पण आपल्याकडच्या डेबिट कार्डवर परदेशी व्यवहार चालू केलेला पाहिजे आणि परदेशी कार्डाला रोजचा थोडा जादा चार्ज पडतो. पोरांसाठी ईझेड-लिंकचं कार्ड घेऊन त्यात पैसे टाकलेले बरे. आत जाताना टेकवायचं आणि बाहेर पडतानाही टेकवायचं.

नियम थोडक्यात. स्टेशनात आणि गाडीत खायचं-प्यायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही, दंड पाचशे सिंगापूर डॉलरपर्यंत आहे. सरकत्या जिन्यावर डाव्या बाजूला उभं राहायचं, उजवी बाजू घाईतल्यांसाठी मोकळी. रस्ता फक्त सिग्नलवरून ओलांडायचा. थुंकायचं नाही. पोरांना हे दंडाच्या भीतीनं सांगू नका, आपण पाहुणे आहोत आणि आपल्याकडं बघून उद्या दुसऱ्या ग्रुपबद्दल मत होणार आहे असं सांगा, ते जास्त पटतं त्यांना.

सगळ्यांकडं हॉटेलचं कार्ड पाहिजे, छापील. इंटरनेट बंद पडलं, मोबाईल उतरला तरी कार्ड दाखवून परत येता येतं.

सकाळचा भाग: शहराचा नकाशा

लिटल इंडियावरून जांभळ्या लाईननं तिसरं स्टेशन चायनाटाऊन. तिथून चालत मॅक्सवेल रोडवर यूआरए सेंटरमध्ये (यूआरए म्हणजे तिथलं नगररचना खातं) सिंगापूर सिटी गॅलरी आहे, प्रवेश फुकट. रविवारी आणि सुट्टीला बंद असते, म्हणून पहिला दिवस रविवारी येणार नाही असंच बुकिंग करा. पहिलं ठिकाण हेच का, तर इथं मध्य शहराचं भलं मोठं मॉडेल आहे, एकेक इमारत बसवलेली. नदी कुठून येते, खाडी कुठं आहे, समुद्र बुजवून नवी जमीन कुठं काढली, सगळं एका जागी उभं राहून दिसतं. पोरांना सांगा की संध्याकाळी आपण जिथं चालणार आहोत ती वाट या मॉडेलवर बोटानं दाखवा. जे पोरगं बरोबर दाखवेल त्याला संध्याकाळी पुढं चालायला द्या. इथं एक तास द्या, सिव्हिलची पोरं असतील तर दीड.

मग दहा मिनिटांवर साऊथ ब्रिज रोडवरचं श्री मरिअम्मन मंदिर, १८२७ सालचं, सिंगापुरातलं सगळ्यात जुनं हिंदू मंदिर. आपली मरीआई आणि ही मरिअम्मन, दोघीही साथीच्या रोगांपासून राखणाऱ्या, हे पोरांना सांगितलं की ती हात जोडून जरा वेगळ्या नजरेनं बघतात. दुपारी मंदिर बंद होतं, म्हणून बाराच्या आत पोचा. गुडघे झाकलेले पाहिजेत. याच रस्त्यावर जवळच जामे मशीद आहे आणि दुसऱ्या टोकाला बुद्धाच्या दाताचं मंदिर, २००७ मध्ये झालेलं. एका रस्त्यावर तीन धर्मांची मोठी देवळं, वेरूळच्या पायथ्याशी वाढलेल्या पोरांना याचं अप्रूप नसतं, पण जागा किती कमी आणि त्यात सगळ्यांची सोय कशी केली हे बघायला लावा.

जेवण मॅक्सवेल फूड सेंटरमध्ये करता येतं, पण शुद्ध शाकाहारी पोरं जास्त असतील तर पहिल्या दिवशी तिथं अर्धा तास फक्त बघायला न्या आणि जेवायला परत लिटल इंडियात या, कारण स्टॉल शेजारी-शेजारी असतात आणि वासानंच काहींचं जेवण होत नाही. बघण्यासारखं मात्र आहे. रस्त्यावरच्या गाड्या हलवून त्यांना छप्पर, पाणी, ड्रेनेज देऊन एका जागी आणलं, त्यातून ही हॉकर सेंटरं झाली, आणि २०२० मध्ये युनेस्कोनं या खाद्यसंस्कृतीला वारशाच्या यादीत घेतलं. टेबलावर कागदी रुमालाचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा कुणीतरी धरलेली आहे, तिथं बसायचं नाही. जेवण झाल्यावर ट्रे आपणच नेऊन ठेवायचा, तसा नियमच आहे.

दुपारी झोपवा

याच्यावर सगळ्यात जास्त वाद होतो. पालकांनी एवढे पैसे भरलेत आणि तुम्ही झोपवता काय असं म्हणतात. पण एक ते चार या वेळात तिथं ऊन आणि दमट हवा मिळून माणूस गळून जातो, आपलं मराठवाड्याचं ऊन कोरडं असतं, घाम वाळतो, तिथं तो वाळतच नाही. दुपारचे पावसाचे सडाकेही याच वेळात येतात. दोन तास पडू द्या, अंघोळ करू द्या, घरी एक फोन करू द्या. संध्याकाळ त्याच्या दुप्पट वसूल होते.

संध्याकाळ: नदीवरून बंधाऱ्यापर्यंत

चारला निघायचं. जांभळ्या लाईननंच दोन स्टेशनं, 'क्लार्क की' ('की' म्हणजे धक्का). तिथून सिंगापूर नदीच्या काठानं खाली चालत जायचं. नदी म्हणायची, पण तीन-साडेतीन किलोमीटरचीच आहे, आपल्याकडं हिला ओढा म्हणतील.

पुढच्या 'बोट की' धक्क्याला थांबवा आणि हे सांगा. सत्तरच्या दशकात ही नदी म्हणजे उघडी गटार होती. वरच्या अंगाला डुकरांचे आणि बदकांचे फार्म, काठावर झोपड्या, विक्रेत्यांचा कचरा, शेकडो मालवाहू होड्यांचं तेल, सगळं हिच्यात. १९७७ मध्ये पंतप्रधान ली क्वान यू यांनी दहा वर्षांत नदी साफ करायचं लक्ष्य दिलं. नुसता गाळ काढला नाही. आधी माणसांना घरं दिली, विक्रेत्यांना हॉकर सेंटरं दिली, १९८३ मध्ये होड्या पासिर पांजांगला हलवल्या, मग तळ उपसला. १९८७ मध्ये काम पुरं झालं. सकाळी पाहिलेलं मॅक्सवेल आणि ही नदी यांचा संबंध इथं जुळतो, तो पोरांकडूनच काढून घ्या. आणि मग विचारा की आपली संभाजीनगरची खाम नदी, आपली गोदावरी नांदेडच्या घाटावर, तिथं घाण नेमकी कुठून येते, आधी कुणाला हलवावं लागेल, कुणाला काय द्यावं लागेल. मी इथं वीस मिनिटं देतो आणि पोरं जी उत्तरं देतात ती वहीत लिहून घ्यायला लावतो.

पुढं कॅव्हेना पूल लागतो, १८६९ चा. त्याच्या तोंडाशी जुनी पाटी आहे, जड वाहनं आणि सगळी गुरं-घोडी यांना पुलावर मनाई असल्याची. पाटी नीट वाचायला लावा, या गजबजलेल्या बँकांच्या भागात कधीकाळी बैलगाड्या चालत होत्या हे त्या एका ओळीवरून कळतं. पुलाला लागूनच फुलर्टन, १९२८ ची इमारत, आधी मुख्य पोस्ट ऑफिस होतं, आता हॉटेल.

मग मर्लायन. सिंहाचं तोंड, माशाचं अंग, ८.६ मीटर उंच, तोंडातून पाणी. १९७२ मध्ये नदीच्या तोंडाशी बसवला होता, पुढं मोठा पूल झाला आणि तो समुद्रावरून दिसेना म्हणून २००२ मध्ये उचलून इथं आणला. फोटोला वीस मिनिटं, ग्रुप फोटो आधी घ्या आणि मग सोडा, उलट केलं तर कुणी जमत नाही. भेटायची जागा एकच सांगा आणि ती जागा सगळ्यांना उभं करून दाखवा.

समोर जे पाणी दिसतं ते समुद्राचं वाटतं. पोरांना विचारा, खारं की गोडं? जवळपास सगळे खारं म्हणतात. उत्तर देऊ नका, तसंच पुढं न्या.

चालत रॅफल्स प्लेस मेट्रो स्टेशनला या, तिथून एक स्टेशन मरिना बे, तिथं लाईन बदलून गार्डन्स बाय द बे, आणि तिथून दहा-पंधरा मिनिटं चालत मरिना बराज. सव्वासहापर्यंत पोचा, अंधार सातनंतर पडतो. वर हिरवळीचं छप्पर आहे, लोक पतंग उडवतात, तिथून एका बाजूला समुद्र आणि जहाजं, दुसऱ्या बाजूला शहर आणि गोडं पाणी. हो, मर्लायनसमोरचं ते पाणी गोडं आहे. खाडीच्या तोंडावर हा बंधारा घातला, २००८ मध्ये तो सुरू झाला, आणि पावसानं हळूहळू खारं पाणी जाऊन दोनेक वर्षांत गोड्या पाण्याचं धरण झालं. पाणलोट क्षेत्र दहा हजार हेक्टर, म्हणजे देशाचा सहावा हिस्सा, आणि तो सगळा भर शहरातला आहे. गच्चीवर, रस्त्यावर पडलेला पाऊस नाल्यांतून इथंच येतो.

दरवाजे नऊ आहेत, जायकवाडीला सत्तावीस. पण इथलं काम वेगळं आहे. आपण पाणी सोडतो ते खाली नदीत जातं, इथं बाहेर समुद्र आहे आणि त्याला भरती-ओहोटी. जोराचा पाऊस झाला आणि ओहोटी असली तर दरवाजे पाडून पाणी समुद्रात सोडतात. भरती असली तर दरवाजे उघडता येत नाहीत, समुद्रच आत येईल, मग सात मोठे पंप लावून पाणी बाहेर फेकतात. म्हणजे एकाच बांधकामानं पिण्याचं पाणी साठतं, समुद्र अडतो आणि शहरातल्या सखल भागातला पूरही टळतो. पोरांना पुलावर उभं करून दोन्हीकडच्या पाण्याची पातळी बघायला सांगा, फरक डोळ्यांना दिसतो.

तिथंच खाली बसवून चार नळांची गोष्ट सांगा, ते लोक असंच म्हणतात. पावसाचं पाणी, मलेशियातल्या जोहोरमधून येणारं पाणी ज्याचा १९६२ चा करार २०६१ ला संपतो, सांडपाणी शुद्ध करून २००३ पासून वापरात आणलेलं न्यूवॉटर, आणि २००५ पासून समुद्राचं गोडं केलेलं पाणी. एका करारावर अवलंबून राहायचं नाही म्हणून बाकीचे तीन नळ उभे केले. लातूरच्या पोरांना हे समजवायला वेळ लागत नाही, एका मांजरा धरणावर अवलंबून राहिलं की काय होतं ते त्यांच्या घरानं भोगलेलं आहे.

विजा चमकायला लागल्या तर मात्र छपरावर एक मिनिटही थांबू नका, लगेच खाली आणा.

पावणेआठला निघा आणि बागेतून रमतगमत सुपरट्रीजपर्यंत या. लोखंडी सांगाड्याची ही झाडं पंचवीस ते पन्नास मीटर उंच, अंगावर खऱ्या वेली. खालून बघायला पैसे नाहीत. रोषणाईचा शो पावणेआठला आणि पावणेनऊला असतो, फुकट, आपण दुसरा धरायचा, पहिल्यासाठी धावपळ केली तर बराजवरची चर्चा अर्धवट राहते. एखाद्या दिवशी शो बंद असू शकतो, सकाळी साईटवर बघून घ्या. जमिनीवर पाठ टेकून बघायचं, तिथं सगळेच तसं बघतात.

शो संपल्यावर सगळी गर्दी एकदम स्टेशनकडं जाते, तेव्हा दहा मिनिटं बसून राहा, नंबर मोजा आणि मग उठा. बेफ्रंट स्टेशनवरून निळी लाईन, गाडी न बदलता चौथं स्टेशन लिटल इंडिया. साडेनऊपर्यंत जेवायला बसता. हॉटेलवाल्याला तीस जण येणार हे दुपारीच सांगून ठेवा.

मुस्तफा सेंटर जवळच आहे आणि रात्री उशिरापर्यंत चालू असतं, पोरं म्हणणारच. पहिल्या दिवशी नाही म्हणा, शेवटच्या संध्याकाळी न्या, नाहीतर पैसे पहिल्याच रात्री संपतात आणि बॅगाही भरून बसतात.

झोपायच्या आधी लॉबीत पंधरा मिनिटं बसा. प्रत्येक जोडीनं एकच गोष्ट सांगायची, आज पाहिलेलं कोणतं काम आपल्या गावात, तालुक्यात करता येईल आणि त्यात पहिली अडचण कोणती येईल. गच्चीचं पाणी म्हणतील, बाजाराची जागा म्हणतील, कुणी म्हणेल आमच्या गावात नालीच नाही तर पाणी नेणार कुठून. सगळं लिहून घ्या, परत आल्यावरचा अहवाल यातूनच तयार होतो. मग उद्याची वेळ सांगा, मोबाईल चार्जिंगला लावायला सांगा आणि खोल्यांवर जाऊन एकदा नंबर मोजा.